महारेणवीय औषधांचे आंत्रशोषण

ज्या औषधांचा रेणुभार (रेणूचे सापेक्ष वजन) सर्वसाधारण औषधांच्या मानाने पुष्कळ जास्त असतो, त्यांना महारेणवीय औषधे म्हणतात. पेप्टाइडे, प्रथिने, प्रतिपिंडे (रोगकारकांना निष्प्रभ करणारी रक्तातील प्रथिने) व काही बहुशर्कराइडे यांचा त्यांत समावेश होतो. ही औषधे तोंडावाटे घेतल्यावर पचनमार्गाच्या अस्तरातून अखंड स्वरूपात रक्तात जाण्याच्या क्रियेस त्यांचे आंत्रशोषण म्हणतात. नैसर्गिक अवस्थेत हे शोषण अत्यल्प असते, त्यामुळे इन्सुलिनासारखी औषधे मुख्यतः टोचूनच द्यावी लागतात. शोषण वाढविण्याच्या उपायांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. दिलेल्या मात्रेचा जो अंश क्रियाशील स्वरूपात रक्ताभिसरणात पोहोचतो, त्याला औषधाची जैव उपलब्धता म्हणतात व ती शेकडेवारीत व्यक्त करतात.

पॅरासिटामॉलाचा रेणुभार १५१ व ॲस्पिरिनाचा १८० आहे. त्यांच्या तुलनेत इन्सुलिनाचा रेणुभार सु. ५,८०० व प्रतिपिंडाचा सु. १,५०,००० असतो. तोंडावाटे घेतलेली व चांगली शोषली जाणारी बहुतेक औषधे रेणुभार ५०० च्या आत असतात, हे सी. ए. लिपिन्स्की व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या नियमात नमूद केले आहे. हा नियम अनुभवजन्य आहे व त्याला अपवाद आहेत. या अपवादांच्या अभ्यासातूनच प्रस्तुत विषयाची प्रगती झाली आहे.

महत्त्व : इन्सुलिनाचा शोध १९२१ साली लागला व १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम रुग्णास टोचण्यात आले. मद्यार्कात विरघळविलेले इन्सुलिन तोंडावाटे देण्याचे प्रयोग १९२३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. परंतु त्यांतून खात्रीचा उपचार निर्माण झाला नाही. टोचण्याने होणारी वेदना हे तोंडावाटे औषध देण्याच्या प्रयत्नांमागील एकमेव कारण नाही. इन्सुलिनाचा साठा २° ते ८° से. तापमानात ठेवावा लागतो. ज्या घरी शीतकपाट नाही अथवा वीज वारंवार खंडित होते, तेथे वापरातील कुपी ओल्या मातीच्या भांड्यात ठेवून थंड राखावी लागते. सुया निर्जंतुक असणे व वापरानंतर त्यांची योग्य विल्हेवाट लावणे या बाबीही खेड्यांत सहज साधत नाहीत. शिवाय अग्निपिंडातून स्रवणारे नैसर्गिक इन्सुलिन प्रवेशिनी शिरेतून प्रथम यकृतात जाते, तर टोचलेले इन्सुलिन प्रथम सर्व शरीरभर पसरते. आतड्यातून शोषले गेलेले इन्सुलिन मात्र नैसर्गिक मार्गानेच यकृतात पोहोचते. या दृष्टीने तोंडावाटे देण्याची पद्धती शरीरक्रियेशी अधिक मिळतीजुळती ठरते.

शोषणातील अडथळे : पचनमार्गाचे कार्य परस्परविरोधी भासणाऱ्या दोन गरजांवर आधारलेले आहे. अन्नातील पोषकद्रव्ये आत घ्यावयाची व त्याच वेळी सूक्ष्मजंतू, त्यांची विषे व परकीय प्रथिने बाहेर ठेवावयाची, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. महारेणू रोखणे हा आतड्याचा दोष नसून त्याचे संरक्षक कार्य आहे. त्यामुळे शोषण वाढविण्याचा प्रत्येक उपाय या संरक्षणात कोठेतरी सवलत मागतो. ती सवलत किती, किती वेळ व किती जागेपुरती, यावर त्या उपायाची योग्यता ठरते.

पहिला अडथळा रासायनिक असतो. जठरातील अम्ल प्रथिनाची घडी उलगडते व पेप्सीन हे एंझाइम त्याचे तुकडे करू लागते. पुढे लघ्वांत्रात अग्निपिंडरसातील ट्रिप्सीन, कायमोट्रिप्सीन इ. एंझाइमे हे काम पुरे करतात. उरलेली पेप्टाइडे अस्तराच्या पृष्ठभागावरील एंझाइमांच्या तावडीत सापडतात. शरीराच्या दृष्टीने गोळीतील इन्सुलिन व डाळीतील प्रथिन यांत कोणताच भेद नसतो.

दुसरा अडथळा श्लेष्म्याचा (बुळबुळीत स्रावाचा) थर हा होय. तो जाळीसारखा असून सतत स्रवतो व सतत वाहून जातो. त्यामुळे त्यात अडकलेले कण अस्तरापर्यंत पोहोचण्यापूर्वीच पुढे ढकलले जातात.

तिसरा व सर्वांत महत्त्वाचा अडथळा म्हणजे अस्तराच्या कोशिकांचा (पेशींचा) एकेरी थर. लघ्वांत्राच्या आतील पृष्ठभागावर घड्या, उद्वर्ध (बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे) व त्यांवर सूक्ष्मउद्वर्ध असतात. त्यामुळे पृष्ठफळ फार वाढते. ते टेनिसच्या मैदानाएवढे असल्याचे पूर्वी सांगत असत; २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार मात्र संपूर्ण पचनमार्गाचे पृष्ठफळ सु. ३२ चौ. मी. भरते. शेजारशेजारच्या कोशिका वरच्या टोकाशी दृढ संधींनी जोडलेल्या असतात. या संधींत क्लॉडिने नावाची प्रथिने असून त्यांचा शोध १९९८ मध्ये लागला. त्यांच्यामधील नेहमीच्या छिद्रांची रुंदी जेमतेम एक नॅनोमीटर (मीटरचा अब्जांश) असल्याने पाणी व आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) जाऊ शकतात, इन्सुलिन जाऊ शकत नाही. कोशिकेच्या पटलातून आरपार जाण्यास रेणू लहान व वसेत विरघळणारा असावा लागतो, तर प्रथिने मोठी व जलस्नेही असतात. अस्तराच्या कोशिका दर तीन ते पाच दिवसांनी बदलत असल्याने लहानसहान इजा लवकर भरून येते; शोषणवर्धक द्रव्यांचा वापर काही अंशी या गुणामुळेच शक्य झाला आहे.

महारेणू न शोषला जाणे काही वेळा उपयुक्तही ठरते. व्हँकोमायसीन हे प्रतिजैविक (रेणुभार सु. १,४५०) तोंडावाटे दिल्यास जवळजवळ शोषले जात नाही. त्यामुळे मोठ्या आतड्यातील क्लॉस्ट्रिडियम गटातील एका जंतूच्या संसर्गावर ते तोंडावाटेच देतात, कारण तेथे औषध आतड्यातच राहणे इष्ट असते.

निसर्गातील उदाहरणे : महारेणू अखंड शोषला जाण्याची दोन उदाहरणे या विषयात मार्गदर्शक ठरली आहेत. पहिले नवजात वासराचे. गाईच्या गर्भवेष्टनातून प्रतिपिंडे वासराच्या रक्तात जात नाहीत. ती त्याला पहिल्या दुधातून, म्हणजे चिकातून मिळतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत वासराच्या आतड्यातील कोशिका चिकातील प्रतिपिंडे अखंड स्वरूपात आत घेऊन रक्तात सोडतात. सु. २४ तासांत ही क्षमता संपते. या घटनेस आंत्राचे ‘बंद होणे’ म्हणतात. शिरूर व दौंड या तालुक्यांसारख्या दुग्धव्यवसायाच्या भागांत वासराला वेळेवर चीक पाजण्यावर जो भर दिला जातो, त्याचे शास्त्रीय कारण हेच होय. उशिरा पाजलेला चीक पोषण देतो, परंतु रक्तातील प्रतिपिंडांची उणीव भरून काढू शकत नाही.

दुसरे उदाहरण ब-१२ जीवनसत्त्वाचे. त्याचा रेणुभार १,३५५ असून केवळ विसरणाने (रेणूंच्या आपोआप पसरण्याने) ते फारच थोडे शोषले जाते. त्यासाठी शरीरात स्वतंत्र वाहकव्यवस्था आहे. जठराच्या अस्तरातून ‘अंतःस्थ घटक’ नावाचे प्रथिन स्रवते. त्याचे अस्तित्व डब्ल्यू. बी. कॅसल यांनी १९२९ च्या सुमारास दाखविले. हे प्रथिन लघ्वांत्रात ब-१२ शी संयोग पावते व हा जोडरेणू शेषांत्रातील (लघ्वांत्राच्या शेवटच्या भागातील) विशिष्ट ग्राहींना चिकटतो. मग कोशिका त्याला आत ओढून घेते. एका वेळी या मार्गाने सु. १·५ ते २ मायक्रोग्रॅमच ब-१२ जाऊ शकते. मात्रा वाढविली तरी वाहक अपुरे पडतात. अधिक मात्रेपैकी सु. १ टक्का विसरणाने शोषला जातो. त्यामुळे अंतःस्थ घटकाचा अभाव असलेल्या मारक पांडुरोगाच्या रुग्णासही रोज १,००० मायक्रोग्रॅम ब-१२ तोंडावाटे दिल्यास सु. १० मायक्रोग्रॅम रक्तात पोहोचते व टोचण्याची गरज टळू शकते. महारेणवीय औषधे देण्याचे दोन मुख्य मार्ग या एकाच उदाहरणात दिसतात : विशिष्ट वाहकाचा आश्रय घेऊन अल्प मात्रेत काम साधणे किंवा बहुतांश द्रव्य वाया जाणार हे गृहीत धरून प्रचंड मात्रा देणे.

पुणे जिल्ह्यातील संशोधन : ब-१२ च्या संदर्भात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधन विशेष उल्लेखनीय आहे. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता व बालके यांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. पुणे परिसरातील ग्रामीण व शहरी पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सु. दोनतृतीयांश पुरुषांत ब-१२ ची पातळी कमी आढळली. शाकाहार व दूध-दुभत्याचे अल्प सेवन ही या उणिवेची प्रमुख कारणे होत. आतड्यातील वाहकव्यवस्था बिघडणे हे बहुसंख्यांच्या बाबतीत कारण नसते. त्यामुळे येथे प्रचंड मात्रेची किंवा टोचण्याची आवश्यकता नव्हती. ग्रामीण कुटुंबांत एक वर्षभर रोज केवळ २ किंवा १० मायक्रोग्रॅम ब-१२ तोंडावाटे दिले असता रक्तातील ब-१२ वाढले व त्याच्या अभावी साचणाऱ्या होमोसिस्टीन या द्रव्याचे प्रमाण घटले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. पुढे २०१२ पासून मूळ अभ्यासातील मुलामुलींना, म्हणजे भावी मातापित्यांना, रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याची चाचणी हाती घेण्यात आली. ही मात्रा नैसर्गिक वाहकांच्या क्षमतेएवढीच आहे. वाहकाच्या क्षमतेशी जुळणारी अल्प मात्रा नियमितपणे दिल्यास मोठा रेणूही परिणामकारक रीत्या शोषला जातो, हे या कार्यातून दिसून येते.

आतड्याच्या स्थितीचा प्रश्न शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथील कार्यातही उपस्थित होतो. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य तेथे १९७० नंतरच्या दशकात सुरू झाले. शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांच्या लोकसंख्येची व आरोग्याची नियमित नोंद तेथे २००२ पासून ठेवली जाऊ लागली. रोटाव्हायरसामुळे होणाऱ्या अतिसारावरील ‘रोटाव्हॅक’ या भारतीय मुखी लशीची चाचणी २०११ मध्ये दिल्ली, वेल्लोर व वढू या तीन केंद्रांत सुरू झाली. तीत ६,७९९ अर्भकांचा समावेश होता. तीव्र आजारापासून मिळणारे संरक्षण सु. ५४ टक्के असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशाच प्रकारच्या लशी संपन्न देशांत ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात. लशीतील जिवंत व्हायरस आतड्याच्या अस्तरात वाढतो, औषधाप्रमाणे रक्तात शोषला जात नाही. म्हणून ही दोन उदाहरणे एकरूप नाहीत. तथापि एकच मुखी द्रव्य निरनिराळ्या प्रदेशांतील आतड्यांत वेगळा परिणाम घडविते, ही गोष्ट दोन्हींस लागू पडते. फरकाची कारणे अनेक असून मातेकडून मिळालेली प्रतिपिंडे व पर्यावरणीय आंत्रविकृती ही त्यांपैकी होत. दूषित पाणी व वारंवार होणारे संसर्ग यांमुळे उद्वर्ध आखूड होतात, अस्तर काहीसे गळके होते व तरीही उपयुक्त द्रव्यांचे शोषण घटते. लॅक्टुलोज व मॅनिटॉल या दोन शर्करासदृश द्रव्यांचे मिश्रण पाजून मूत्रातील त्यांचे प्रमाण मोजल्यास ही स्थिती ओळखता येते : मोठ्या रेणूच्या लॅक्टुलोजाचे प्रमाण वाढते, तर लहान मॅनिटॉलाचे घटते. अस्तर गळके होणे म्हणजे शोषण सुधारणे नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. मुखी औषधाची मात्रा केवळ यूरोपीय वा अमेरिकन स्वयंसेवकांवरील चाचण्यांवरून ठरविणे त्यामुळे पुरेसे नसते.

शोषण वाढविण्याच्या पद्धती : (१) संरक्षण : गोळीवर अम्लात न विरघळणारा लेप दिल्यास औषध जठरातून सुखरूप पुढे जाते व लघ्वांत्रातील कमी अम्लीय परिस्थितीत मोकळे होते. त्याबरोबर ट्रिप्सीन निरोधक द्रव्येही देतात. कच्च्या सोयाबीनमध्ये असा निरोधक नैसर्गिक रीत्या असतो व सोयाबीन शिजविल्याने तो बराचसा नष्ट होतो. निरोधक दीर्घकाळ दिल्यास अन्नातील प्रथिनांच्या पचनातही बाधा येऊ शकते, ही या पद्धतीची मर्यादा होय.

(२) रेणूत बदल : रेणूची टोके बंद करणे, काही ॲमिनो अम्लांची आरशातील प्रतिमेसारखी रूपे वापरणे किंवा रेणू वलयाकार करणे या उपायांनी एंझाइमांना विरोध करता येतो. डेस्मोप्रेसीन हे हॉर्मोनसदृश पेप्टाइड (रेणुभार १,०६९) असे बदललेले आहे. त्याच्या गोळीची जैव उपलब्धता सु. ०·१ टक्काच असली, तरी अत्यल्प द्रव्य पुरेसे असल्याने ती यशस्वी झाली. सायक्लोस्पोरीन हे बुरशीपासून मिळणारे वलयाकार पेप्टाइड (रेणुभार सु. १,२०३) अवयवारोपणात वापरतात. त्याचा रेणू वसेत विरघळतो. तेल व पृष्ठक्रियाकारक (पृष्ठताण कमी करणारी) द्रव्ये यांच्या सूक्ष्म पायसाच्या स्वरूपात दिल्यास त्याचे शोषण अधिक एकसारखे होते.

(३) शोषणवर्धक द्रव्ये : मध्यम लांबीच्या वसाम्लांची लवणे पटल किंचित सैल करतात व दृढ संधी तात्पुरत्या उघडतात. यांपैकी सोडियम कॅप्रेट सर्वांत अधिक अभ्यासिले गेले आहे. औषध व वर्धक एकाच वेळी, अस्तराच्या एकाच जागी व पुरेशा संहतीत (तीव्रतेत) पोहोचणे आवश्यक असते. आतड्याच्या हालचालींनी दोन्ही विरल झाल्यास परिणाम नाहीसा होतो. प्रयोगशाळेतील कोशिकांच्या थरांवर यशस्वी झालेले अनेक वर्धक मनुष्यात निष्प्रभ ठरतात, याचे हे एक मुख्य कारण होय. ऑक्ट्रिओटाइड या पेप्टाइडाचे सोडियम कॅप्रिलेटयुक्त कॅप्सूल २०२० मध्ये अमेरिकेत संमत झाले. टोचून दिलेल्या ०·१ मिग्रॅ. औषधाएवढा परिणाम होण्यास कॅप्सुलात २० मिग्रॅ. औषध लागते.

सेमाग्लुटाइड हे मधुमेहावरील औषध (रेणुभार सु. ४,११४) सॅल्कॅप्रोझेट सोडियम या वर्धकासह गोळीच्या रूपात २०१९ मध्ये अमेरिकेत संमत झाले. येथे शोषण आतड्यात न होता जठराच्या अस्तरातून होते. प्रत्येक गोळीत ३०० मिग्रॅ. वर्धक असून तो गोळीभोवतीची अम्लता क्षणभर कमी करतो व औषधाला पटलातून जाण्यास मदत करतो. गोळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिलि. पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा तास काहीही खाता येत नाही. जैव उपलब्धता १ टक्का वा त्याहून कमी असते. टोचण्याची मात्रा आठवड्यास १ मिग्रॅ. असेल, तर १४ मिग्रॅ.च्या रोजच्या गोळीने आठवड्यास ९८ मिग्रॅ. औषध खर्च होते. औषधाचा शरीरातील अर्धायुष्यकाल सु. एक आठवडा असल्याने रोजच्या शोषणातील चढउतार एकमेकांत मिसळून जातात. इन्सुलिनाच्या बाबतीत ही सवलत मिळत नाही : मात्रा थोडी कमी पडली तर रक्तशर्करा वाढते व थोडी जास्त झाली तर रुग्ण बेशुद्ध होण्याची भीती असते.

(४) वाहक व सूक्ष्मकण : कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान श्लेष्म्याला चिकटते व संधी सैल करते, परंतु हा गुण अम्लीय माध्यमातच चांगला दिसतो. बहुवारिकांच्या वा वसेच्या अतिसूक्ष्म कणांत औषध कोंडून त्यांवर ब-१२ सारखा ‘परवाना’ चिकटविण्याचे प्रयोग झाले आहेत. अशा कणांतील इन्सुलिनाने मधुमेही उंदरांची रक्तशर्करा घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र नैसर्गिक वाहकांची संख्या मर्यादित असल्याने इन्सुलिनाची पुरेशी मात्रा या मार्गाने नेणे कठीण जाते.

(५) यांत्रिक साधने : मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील संशोधकांनी २०१९ मध्ये वाटाण्याएवढे गिळण्याचे साधन वर्णन केले. आफ्रिकेतील एका कासवाच्या पाठीप्रमाणे त्याला आकार दिल्याने ते जठरात नेहमी तळावर स्थिर होते व दाबलेल्या स्प्रिंगच्या साहाय्याने घन इन्सुलिनाचे टोक जठराच्या भिंतीत शिरवते. हे प्रयोग डुकरांवर झाले.

इन्सुलिनाचे अनुभव : दीर्घकाळ टिकणारे एक इन्सुलिन सोडियम कॅप्रेटासह गोळीतून ५० रुग्णांना आठ आठवड्यांच्या चाचणीत दिले असता रक्तशर्करा टोचण्याच्या इन्सुलिनाइतकीच आटोक्यात राहिली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही निर्मात्यांनी हा प्रकल्प थांबविला, कारण लागणाऱ्या इन्सुलिनाचे प्रमाण इतके जास्त होते की त्याचे उत्पादन परवडणारे नव्हते. एंझाइम निरोधकासह दिलेल्या दुसऱ्या एका मुखी इन्सुलिनाची अंतिम टप्प्यातील चाचणी २०२३ च्या जानेवारीत अयशस्वी ठरली. भारतात बंगलोर येथील बायोकॉन या कंपनीने इन्सुलिनाच्या रेणूस लहान जलस्नेही शृंखला जोडून मुखी रूप तयार केले व त्याच्या मानवी चाचण्या केल्या.

सुरक्षितता व मूल्यमापन : दृढ संधी उघडल्यास औषधाबरोबर जंतूंची विषे व अन्नातील प्रथिनेही आत शिरतील, हा मुख्य आक्षेप आहे. उपलब्ध पुराव्यानुसार वसाम्ललवणांचा परिणाम अल्पकाळ टिकतो व अस्तर लवकर पूर्वस्थितीत येते. तथापि आजन्म, रोज घ्यावयाच्या औषधाबाबत अशा द्रव्यांचे दीर्घकालीन निरीक्षण आवश्यक ठरते. ज्यांचे अस्तर आधीच दुखावलेले आहे, अशांच्या बाबतीत ही सावधगिरी अधिक महत्त्वाची होय.

यावरून मुखी महारेणवीय औषधाच्या यशाच्या अटी स्पष्ट होतात. औषध अल्प प्रमाणात प्रभावी, शरीरात दीर्घकाळ टिकणारे, मात्रेतील चढउतार सहन होण्याजोगे व वाया जाणारा भाग सोसण्याइतके स्वस्त असावे लागते. शोषणाची शेकडेवारी वाढविण्यापेक्षा ते रोज सारखे होईल असे पाहणे रुग्णाच्या दृष्टीने अधिक हितावह असते. शंभरापैकी नव्व्याण्णव भाग वाया घालविणारी गोळी सुईपासून सुटका करते. पण तिची किंमत अखेर रुग्णालाच द्यावी लागते. त्यामुळे ज्यांना सुई व शीतसाखळी मिळणे अवघड आहे, त्यांनाच अशी गोळी परवडणार नाही, असा विरोधाभास निर्माण होतो. तो दूर करणे हे या क्षेत्रातील संशोधनाचे उद्दिष्ट आहे.

पहा : आंत्र, इन्सुलिन, जीवनसत्त्वे, पचन तंत्र, प्रथिने, मधुमेह.